पावती फाडून घ्या, मारुतीराया रागावत नाही

आमच्या गावात हनुमान जयंतीला रोडगे असतात. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. पंगती दुपारी बसतात, त्या दिवेलागणीपर्यंत चालतात. यंदा पंगत उठल्यावर पारावर पोरांचा वाद लागला. एक जण म्हणाला, "काका, माह्या दुकानाले जीएसटी लागते, घराले टॅक्स लागते. मंग देवाले काहून नाही लागत?"

दुसरा त्याच्यावर धावूनच आला. त्याला तो देवाचा अपमान वाटला.

मी दोघांनाही खाली बसवलं. प्रश्न वाईट नव्हता. पहिल्याने देवळाला अकराशे रुपये वर्गणी दिली होती, म्हणजे विचारायचा हक्क त्याला होताच. चूक त्याची एकच होती. त्याने पावती घेतली नव्हती.

मी बरीच वर्षं देवळाचा जमाखर्च लिहिला आहे. वकील नाही, सीए नाही. वहीत आवक-जावक लिहिणारा माणूस आहे. त्या पोरांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. तुम्ही अंबादेवीला ओटी भरत असाल, राजराजेश्वराच्या कावडीला खांदा देत असाल, अचलपूरच्या दुल्हा रहमान शाहच्या दर्ग्यात चादर चढवत असाल, विहारात वंदनेला जात असाल किंवा चर्चमध्ये, तरी हे तुमच्या कामाचं आहे.

आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. देव आहे म्हणून कर माफ, असं कायदा म्हणत नाही. आपल्या कायद्यात देवमूर्तीला माणसासारखं धरतात. म्हणून तर सातबाऱ्यावर मारुती संस्थानचं नाव लागतं आणि देवाच्या नावाने वावर असतं. आणि माणूस धरलं की कर आलाच. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने एका घराण्याच्या देवाबद्दल तेच सांगितलं. देवाच्या नावावरचं उत्पन्नही आयकराच्या कक्षेत येतं.

मग माफी कशाला आहे? कामाला आहे. पूजेला, अन्नदानाला, दवाखान्याला, शाळेला, यात्रेकरूच्या मुक्कामाला. तीसुद्धा अटींवर.

घरातलं उदाहरण घ्या. पाच भाऊ एकत्र राहतात. किराण्याला चौघे पैसे देतात. पाचवा देत नाही, कारण तो घरी थांबून म्हाताऱ्या आईवडिलांचं सगळं करतो. चौघांची काही तक्रार नसते. पण एक दिवस कळतं, की आई उपाशी झोपली आणि हा आपल्या पोराला मोटारसायकल घेऊन आला. मग बाकीचे गप्प बसतील का?

देवस्थानाची करमाफी तशीच आहे. पाचवा भाऊ जे भरत नाही, ते उरलेले चौघे भरतात. म्हणजे तुम्ही भरता. साबणावर भरता, पेट्रोलवर भरता, घरपट्टीत भरता. म्हणून आई जेवली का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आता घरपट्टीचंच बघा. अमरावतीची महानगरपालिका 1983 ची, अकोल्याची 2001 ची. दोन्हींना 1949 चा महानगरपालिका कायदा लागू. त्यात म्हटलं आहे, की ज्या जागेत फक्त सार्वजनिक पूजा चालते किंवा फक्त धर्मादाय काम चालतं, तिला सामान्य कर माफ. सामान्य कर म्हणजे तुमच्या घरपट्टीच्या पावतीवरची एक ओळ. सगळी पावती नव्हे. देवळाने नळ घेतला, तर पाण्याचे पैसे देवळाने भरायचे असतात.

त्याच कायद्यात पुढे एक फार मोलाची गोष्ट आहे. ज्या भागात धंदा चालतो किंवा ज्याचं भाडं येतं, त्या भागाला ही माफी नाही. भाड्याचा पैसा न् पैसा देवाच्या कामाला लागत असला तरी नाही. गाभारा वेगळा आणि समोरचे चार गाळे वेगळे. त्या गाळ्यांत हारवाला असो, मोबाईलवाला असो की आलुबोंडा तळणारा असो, त्यांचा कर भरायचा.

मला हे अगदी रास्त वाटतं. रस्त्यापलीकडे दुसऱ्या माणसाचं तसंच दुकान आहे. तो पूर्ण कर भरतो आणि तेवढंच भाडं मागतो. देवळाच्या नावावर त्याच्या पोटावर पाय का आणायचा?

जीएसटीतही हाच विचार आहे. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, गुरुद्वारात, दर्ग्यात मिळणाऱ्या प्रसादावर जीएसटी नाही. धार्मिक विधीवर नाही. आयकर खात्याकडे नोंदलेल्या संस्थानाने भक्तनिवासाची खोली दिवसाला 1,000 रुपयांच्या आत दिली, तर नाही. सभागृह दिवसाला 10,000 च्या आत दिलं, तर नाही. गाळ्याचं भाडं महिन्याला 10,000 च्या आत असेल, तर नाही. त्याच्या वर गेलं की माफी संपली. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या खाली असेल, तर नोंदणी करावी लागत नाही. आपल्याकडची बहुतेक गावदेवळं तिथेच बसतात.

उलट देऊळ बराच कर भरतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही. जीर्णोद्धाराच्या सिमेंटवर कर असतो. 2025 च्या सप्टेंबरपर्यंत तो 28 टक्के होता, मग 18 झाला. रंगावर कर, लाइटच्या सामानावर कर, भंडाऱ्याच्या डब्याबंद तेला-तुपावर कर. फुकट जेवण देणाऱ्या संस्थांचा काही कर परत करायला केंद्राने 2018 मध्ये सेवा भोज योजना काढली, पण त्यात महिन्याला किमान 5,000 माणसं जेवावी लागतात. आमचे रोडगे वर्षातून एकदाच.

एक गोष्ट अजून सांगून टाकतो, कारण ती मोबाईलवर दर दोन महिन्यांनी फिरत येते. "मंदिरांना कर, मशिदींना माफी," असा तो निरोप असतो. कधी त्याच्या उलटाही येतो. पुढे पाठवू नका. आयकराच्या माफीची अट सगळ्या धर्मांना एकच आहे. घटनेचं 27 वं कलम सांगतं, की एखाद्या धर्माच्या वाढीसाठी म्हणून बाजूला काढलेला कर द्यायची सक्ती कोणावर करता येत नाही. आपल्याकडची देवळं आणि इतर न्यास 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत असतात. वक्फच्या मालमत्ता वक्फ मंडळाच्या देखरेखीत असतात आणि उत्पन्नातला वाटा त्या मंडळाला देतात. पूर्वी तो 7 टक्क्यांपर्यंत होता, 2025 च्या दुरुस्तीने 5 पर्यंत आला. दार वेगळं आहे, पण हिशेब दोघांनाही द्यावाच लागतो.

आणि धर्माचं काम करणाऱ्या माणसाचा पगार हा त्याचा पगारच असतो. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि पाद्री यांच्या पगारातून कर कापायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरात दिला. पगार आम्ही धर्मसंघाला देऊन टाकतो, हे म्हणणं तिथे चाललं नाही. पुजाऱ्याच्या पगाराचंही तेच.

आता आयकर. माफी हवी तर संस्थानाने आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांक तिथे पुरत नाही. पूर्वी ही नोंदणी एकदा मिळाली की कायमची असायची. 2021 पासून ती मुदतीची झाली. मुदत विसरली, तर माफी गेली, आणि साठलेल्या मालमत्तेवरही कर लागू शकतो. किती गावांच्या पंचांना हे ठाऊक असेल?

दुसरी अट खर्चाची. वर्षाच्या उत्पन्नातले शंभरातले 85 रुपये संस्थेच्या कामावर लावायचे. 15 मागे टाकता येतात. त्याहून जास्त साठवायचे, तर कशासाठी ते लिहून द्यायचं आणि ठरलेल्या मुदतीत खर्च करायचे. म्हणजे कायद्यालाही पैसा दाबून बसलेला देव नको आहे.

तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संस्थेचा पैसा विश्वस्ताच्या घरात जाता कामा नये. त्याच्या मुलाला बिनव्याजी उसना द्यायचा नाही. देवळाची जागा त्याच्या भाच्याला फुकट द्यायची नाही. असं सापडलं, तर माफीवर गदा येते.

1961 चा आयकर कायदा आता गेला. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे जुनं पुस्तक उघडून भांडू नका. दानावरच्या सुटीला लोक अजून 80जी, 80जी म्हणतात. मीही तेच म्हणणार.

ह्या 80जीचं जरा नीट ऐका, कारण इथे घरातला पैसा जातो.

देवळाला दान दिलं म्हणजे तुमच्या करात सूट मिळाली, असं नाही. सूट मिळायला त्या संस्थेकडे 80जीची मान्यता लागते. ती धर्मादाय कामाला मिळते. पाच टक्क्यांहून जास्त खर्च धार्मिक कामावर करणाऱ्या संस्थेला सहसा मिळत नाही. देवळाच्या डागडुजीसाठी दिलेल्या दानाला सूट हवी, तर ते देऊळ सरकारने नामांकित किंवा ऐतिहासिक म्हणून जाहीर केलेलं असावं लागतं. आपल्या गावचा मारुती त्यात बहुधा नसतो.

नागपूरला यावर एक गमतीचा खटला झाला होता. तिथल्या एका शिवमंदिर पंच कमिटीची 80जी नाकारली गेली, कारण खर्च पूजेवर होता. 2012 साली नागपूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने कमिटीच्या बाजूने निकाल दिला. शंकर, हनुमान, दुर्गा यांची पूजा म्हणजे एका ठरावीक धर्माचा प्रचार नव्हे, असं त्यांनी धरलं. निकाल वाचून खूष होणाऱ्याने खूष व्हावं, चिडणाऱ्याने चिडावं. तुम्ही मात्र त्याच्या भरवशावर आपलं विवरणपत्र भरू नका. आधी संस्थेला मान्यतेचा कागद मागा.

मान्यता असली तरी 2,000 च्या वरचं रोख दान सुटीला चालत नाही. चेकने द्या, बँकेतून द्या. पावतीवर आपलं नाव आणि पॅन बरोबर लिहिलंय ना, ते तिथेच बघा. संस्थेला तुमच्या दानाची माहिती आयकर खात्याकडे भरावी लागते. वर्ष संपल्यावर तुम्हाला एक प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ते मागून घ्या. आणि तुम्ही नव्या करपद्धतीत असाल, तर ही सूट तुम्हाला मिळतच नाही. आता बहुतेक नोकरदार त्याच पद्धतीत आहेत. मग देऊ नका का? द्या की! दान सुटीसाठी नसतं. पण "साहेब, टॅक्स वाचेल" असं कोणी म्हणालं, तर तो वाचणार नाही हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

इथे एक धोका आहे. मार्च महिना आला की असा एखादा माणूस भेटतो. म्हणतो, "पन्नास हजाराची पावती देतो, पंचेचाळीस परत घ्या." कधी ट्रस्टची पावती असते, कधी पक्षाची. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी अशी पावती घेतली होती. दोन वर्षांनी नोटीस आली. कर भरला, व्याज भरलं, वरून दंड भरला. खोट्या माहितीला दंड कराच्या दुप्पट असतो. 2025 च्या जुलैमध्ये आयकर खात्याने अशा खोट्या सुटींसाठी देशभरात दीडशे ठिकाणी तपासण्या केल्या. मास्तरांच्या घरी पोरीचं लग्न तोंडावर होतं. पावती देणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

दानपेटीचं काय? दहा-वीस-पन्नास रुपये मनोभावे टाका, त्याला कोणी पावती मागत नाही. निव्वळ धार्मिक संस्थेला निनावी दानावर वेगळा कर नाही. पण तुम्ही तिच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून देत असाल, तर नाव लिहून द्या. तिथे निनावी पैशावर ठरावीक मर्यादेनंतर 30 टक्के कर लागतो. तुमच्या शंभरातले तीस रुपये रोग्याच्या औषधाला जायचे ते तिकडे जातील.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचा ह्याच दानपेटीवरून आयकर खात्याशी वाद झाला. संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, म्हणून निनावी दानाची माफी त्याला मिळेल, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2024 च्या ऑक्टोबरात सांगितलं. नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात अशा मिश्र संस्थांची ही सवलत गाळली होती. संसदेच्या समितीने ती पुन्हा घालायला सांगितली आणि कायद्यात ती परत आली.

आणखी एक बघा. हल्ली दानपेटीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. पैसे पाठवण्याआधी मोबाईलवर नाव कोणाचं येतं, ते वाचा. संस्थानाचं आलं तर पाठवा. एखाद्या माणसाचं आलं तर हात आवरा आणि पुजाऱ्याला विचारा. वरून दुसरा कागद चिकटवायला काय लागतं?

आता पंचांशी बोलतो. तुमच्यापैकी कोणी ना कोणी कशाचा तरी पंच असेलच. सप्ताहाचा, भंडाऱ्याचा, कावड मंडळाचा, विहार समितीचा.

आमच्याच भागातली गोष्ट. जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली. खजिनदार तरुण पोरगा, इमानदार. मोबाईलवर पैसे घेणं सोपं, म्हणून सगळी वर्गणी त्याने स्वतःच्या खात्यात घेतली. मुंबईची, पुण्याची, सुरतेची पोरं पाठवत गेली. काम झालं, कळस चढला. एक रुपया त्याने खाल्ला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या पॅनवर नोटीस आली, की एवढे लाख तुझ्या खात्यात कुठून आले? त्याच्याकडे सिमेंटवाल्याची चार कच्ची बिलं आणि एक पाठकोरी वही होती. वर्षभर तो बिचारा हेलपाटे घालत होता. कळसावर त्याचं नाव नाही. नोटिशीवर होतं.

म्हणून पहिलं काम खात्याचं. देवळाच्या नावाने बँक खातं उघडा. संस्थेचा पॅन काढा. दोघांच्या सहीशिवाय पैसा निघू नये.

देऊळ नोंदलेलं नसेल, तर धर्मादाय कार्यालयात नोंदवून घ्या. नोंदलेलं असेल, तर पंचांची नावं तपासा. आमच्या देवळाच्या कागदावर पाच पंच होते, त्यातले तीन देवाघरी गेलेले. कागदावर मात्र तिघेही ठणठणीत. पंच बदलला, वारला किंवा जमीन आली-गेली, की 90 दिवसांच्या आत फेरफार अहवाल द्यायचा असतो. आम्ही तो एकोणीस वर्षं दिला नव्हता. ती चूक निस्तरायला किती चकरा झाल्या, ते विचारू नका.

देवाचं वावर विकायचं असेल, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. शेत दहा वर्षांहून जास्त किंवा इमारत-प्लॉट तीन वर्षांहून जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायचा असेल, तरी लागते. तुम्ही असं वावर घेणार असाल, तर परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. स्वस्तात मिळालेलं देवाचं वावर मागाहून फार महाग पडतं. आणि दरसालच्या बटईचा किंवा मक्त्याचा लिलाव चावडीवर सगळ्यांसमोर करा. पंचाच्या साळ्याला परस्पर देऊ नका.

गणपती, दुर्गा, कावड यांची बरीच मंडळं कायमची नोंदलेली नसतात. त्यांना वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात. अख्खं शहर रात्रभर जागं असतं. अनवाणी चालणाऱ्या त्या पोरांचं मला कौतुक आहे. एवढे भरणे खांद्यावर पेलणाऱ्यांना एक जमाखर्चाची वही जड का वाटावी? वर्गणी मागायला आलेल्या पोरांना परवानगी विचारा, पावती मागा, चहाही पाजा. डीजेला किती आणि अन्नदानाला किती, हेही विचारा. पुढच्या वर्षी फरक दिसतो, माझा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, देवाच्या दारात हिशेब मागणं शोभत नाही. असं म्हणणाऱ्याला वऱ्हाड ठाऊक नाही.

गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी त्यांनी घाट बांधला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या, सगळ्या लोकांच्या पैशातून. आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लोकांच्या पैशाची इमारत होती, ती लोकांच्या पोरांच्या शिक्षणाला गेली. करमाफी कशाला द्यायची, असं कोणी विचारलं, तर मी ह्या धर्मशाळेकडे बोट दाखवतो.

डॉ. पंजाबराव देशमुख पापळचे. 1927 साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला, त्यात ते पुढे होते. ज्या देवळात सगळ्यांना जाता येत नाही ते सार्वजनिक कसं, हा तो सवाल होता. 1932 साली त्यांनी कायदेमंडळात हिंदू देवस्थान संपत्तीचं विधेयक मांडलं. देवळाच्या पैशाचा समाजाला उपयोग झाला पाहिजे, हा त्यामागचा विचार. पंजाबरावांना त्यासाठी लोकांनी धर्मबुडवे म्हटलं असेल तर असेल. आज त्यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेत शिकलेली माणसं घरोघरी आहेत.

शेगाव तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं. "शेगावसारखं ठेवा," असं आपण कोणत्याही संस्थानाला सांगतो. तिथलं गजानन महाराज संस्थान सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील 2021 च्या ऑगस्टमध्ये गेले. गेले तेव्हा लोक रडले ते त्यांच्याकडे सत्ता होती म्हणून नव्हे. तिथे दिलेला रुपया कुठे गेला हे डोळ्यांना दिसतं. झाडलेला रस्ता दिसतो, स्वच्छ संडास दिसतो, पंगतीतलं ताट दिसतं, इंजिनियरिंग कॉलेज दिसतं. असं डोळ्यांना दिसलं, की करमाफी कोणाला खुपत नाही.

मग त्या पोराला मी काय उत्तर दिलं? देवळाला माफी असावी, असंच दिलं. पूजेवर, अन्नदानावर, गरिबाच्या मुक्कामावर कर लावून सरकारच्या हाती फारसं काही पडणार नाही, आणि गावची पंगत मात्र बंद पडेल. पण गाळ्यांना, मोठ्या भाड्याच्या लॉनला, धंद्याला माफी नको. आणि जे संस्थान वर्षाचा जमाखर्च फळ्यावर लावत नाही, त्याला माफी मागायचं तोंड नको. हे शेवटचं माझं मत आहे. कायदा हिशेब कार्यालयात मागतो, मी तो देवळाच्या भिंतीवर मागतो.

त्या पोराने विचारलं, "मंग आमी काय करू?"

काल्याचं कीर्तन झालं की लोक हलायच्या आत पंचांना हिशेब वाचायला लावा. किती आले, किती गेले, किती उरले, कोणाकडे आहेत. दहा मिनिटं लागतात. दागिने आणि भांड्यांची यादी वर्षातून एकदा चार बायकांसमोर जुळवा. बायका म्हणतो, कारण समई कोणत्या घरून आली आणि कधी हलली, हे त्यांना पक्कं आठवतं. आवाज चढवू नका. पंच आपलेच असतात, बहुतेकांना फक्त लिहायचा कंटाळा असतो. लिहायला एखादी कॉलेजातली पोरगी बसवून द्या.

तरीही कोणी हिशेब दाखवत नसेल, तर धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा. अमरावतीला कार्यालय आहे, अकोल्यालाही आहे. "तू कोण विचारणारा?" असं पंच म्हणाले, तर घाबरू नका. हितसंबंधी व्यक्ती कोण, हे 1950 च्या कायद्यातच लिहिलं आहे. ज्याला त्या देवळात दर्शनाला जायचा हक्क आहे, तो हितसंबंधी.